लेकीचे ऐंशी, बाबांचे एकोणऐंशी

वाचकाचा प्रश्न

ठाण्याहून एका वाचकांचं लांबलचक पत्र आलंय. ओळख पटेल असे तपशील गाळून थोडक्यात सांगते.

वय पन्नाशीला टेकलेलं. लहानपणी दूरदर्शनवर रविवारी सकाळी 'स्टार ट्रेक' ही अमेरिकन अंतराळमालिका लागायची, तेव्हापासूनचे ते चाहते. पुढे घरी केबल आली, 'द नेक्स्ट जनरेशन' ही तिची पुढची मालिका पाहिली आणि तिच्यातला कॅप्टन पिकार्ड त्यांचा देवच झाला. कॉलेजातले तिघे मित्र आजही दर सप्टेंबरात, मालिकेच्या वाढदिवसाच्या आसपास, त्यांच्या घरी जमतात. एखादा जुना भाग, बटाटेवडे, गप्पा आणि एकमेकांना पेचात पकडणारे प्रश्न, असा कार्यक्रम असतो.

मुलगी नववीत आहे. तिला हा नाद लागला तो 'लोअर डेक्स' या 'स्टार ट्रेक'च्याच विनोदी ॲनिमेशन मालिकेमुळे. स्टारफ्लीटचा, म्हणजे मालिकेतल्या अंतराळदलाचा, बॅज सॅकवर लावून ती शाळेत जायची. मूळ मालिकाही बघायला लागली होती, पण दीडपट वेगानं, आणि हे वडिलांना खुपत होतं. यंदा ती मित्रांच्या बैठकीत येऊन बसली आणि म्हणाली, "मीपण ट्रेकी आहे," म्हणजे 'स्टार ट्रेक'ची चाहती. वडिलांनी प्रश्न सुरू केले. मूळ मालिकेतल्या कॅप्टन जेम्स टी. कर्कमधला 'टी' कशाचा? तिनं सांगितलं. टोकदार कानांच्या स्पॉकच्या वडिलांचं नाव? तेही सांगितलं. आणखी दोन-चार झाले. मग मूळ मालिकेचे एकूण भाग किती? ती म्हणाली, ऐंशी. "एकोणऐंशी! एवढंही माहीत नाही आणि म्हणे ट्रेकी," असं वडील म्हणाले, चौघे हसले आणि ती उठून गेली. दुसऱ्या दिवशी सॅकवर बॅज नव्हता. आता घरात 'स्टार ट्रेक' लागली की ती खोलीचं दार लावून घेते.

पत्नीचं म्हणणं, मित्रांना पुन्हा बोलवा आणि सगळ्यांसमोर तिची माफी मागा. वडिलांचं म्हणणं, ही थट्टा होती, आम्हीही एकमेकांना असंच छळायचो, हल्लीची मुलं फार हळवी आहेत. शिवाय ती बघते ते कार्टून मूळ मालिकेची टिंगल करतं. मूळ मालिकेचा पूर्ण संच तिला भेट द्यावा आणि दर शनिवारी पहिल्या भागापासून क्रमानं तिच्यासोबत बघावा, असं त्यांच्या मनात आहे. त्यांचा प्रश्न: "तिला न दुखावता खऱ्या स्टार ट्रेककडे कसं वळवू?"

उत्तर

नमस्कार,

आधी त्या ऐंशीचा निकाल लावू, कारण अख्ख्या पत्रात तुम्ही सगळ्यात ठामपणे लिहिलेली गोष्ट तीच आहे.

8 सप्टेंबर 1966 ते 3 जून 1969 या काळात एनबीसी या अमेरिकन वाहिनीवर मूळ मालिकेचे 79 भाग दाखवले गेले, हे बरोबर. पण त्याच्या आधी एक भाग बनून तयार होता, 'द केज'. त्यात कर्क नाही. कॅप्टन आहे ख्रिस्तोफर पाइक आणि त्याच्या खालोखालची अधिकारी एक बाई आहे. 1965 मध्ये वाहिनीनं तो नाकारला. प्रेक्षकांच्या डोक्याला जड जाईल असं कारण दिलं, असं सांगतात. मग दुसरा नमुना भाग बनवून घेतला आणि कर्कचा जन्म झाला. 'द केज'मधली बरीच दृश्यं पुढे 'द मेनेजरी' या जोडभागात वापरली गेली, हे तुम्हाला ठाऊक असणारच. अखंड 'द केज' मात्र टीव्हीवर लागला तो थेट 1988 मध्ये. आज बऱ्याच याद्यांमध्ये तो मूळ मालिकेतच धरलेला असतो आणि तिथे बेरीज ऐंशी होते. तुमच्या लेकीनं आकडा पाठ केलेला नसावा, पडद्यावरची यादी मोजलेली असावी.

हे सांगण्यामागे तुम्हाला तुमच्याच परीक्षेत नापास करायचा हेतू नाही. तसं केलं तर तुम्ही जे तिच्याबरोबर केलंत तेच मी तुमच्याबरोबर करेन. मला वेगळंच लागून राहिलंय. त्या खोलीत चार जाणकार माणसं होती. चौघांनाही 'द केज' माहीत असणार. तरी एकालाही विचारावंसं वाटलं नाही की, "ऐंशी कसे गं?" तेवढं विचारलं असतं तर पुढचा अर्धा तास पाइकवर गेला असता, आणि 'स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स' तिनं पाहिली असेल तर त्या विषयात तिनं तुम्हा चौघांना चार गोष्टी ऐकवल्या असत्या. 1965 मध्ये रद्दीत निघालेला तो कॅप्टन आज एका मालिकेचा नायक आहे.

तसाच प्रश्न 'टी'चा. त्याचं उत्तर टायबेरियस. पण हे उत्तर आलं कुठून, ते आठवून बघा. कर्क पहिल्यांदा ज्या नमुना भागात दिसतो, त्यात त्याच्या नावाचा थडग्याचा दगड आहे आणि त्यावर कोरलंय 'जेम्स आर. कर्क'. म्हणजे खुद्द मालिकाच तुमच्या परीक्षेत नापास झाली असती! टायबेरियस हे नाव पडद्यावर प्रथम ऐकू आलं ते 1974 मध्ये, ॲनिमेशन मालिकेच्या 'बेम' या भागात. कार्टूनमध्ये. पुढे सिनेमानं त्यावर शिक्कामोर्तब केलं.

आता तुमच्या पत्रातल्या गृहीतकांकडे वळते.

थट्टा होती

असेल. पण तुम्हीच लिहिलेला क्रम बघा. पहिल्याचं उत्तर बरोबर आलं तेव्हा तुम्ही 'शाब्बास' म्हणून थांबला नाहीत. दुसऱ्याचंही आलं, तरी थांबला नाहीत. ती चुकली, निदान तुम्हाला तसं वाटलं, तेव्हा थांबलात. जी परीक्षा विद्यार्थी चुकल्यावरच संपते तिचा निकाल आधीच लागलेला असतो, आणि चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना हे मोठ्यांपेक्षा लवकर कळतं. तुम्ही चौघे एकमेकांना छळत होतात तेव्हा समोरच्यालाही उलटा प्रश्न टाकायची मुभा होती. इथे चार काका लोक, त्यातले एक वडील, आणि समोर एकटी मुलगी. तिनं उलटा प्रश्न टाकला असता तर? "आगाऊपणा करू नकोस" हे वाक्य आपल्या घरांमध्ये तयारच असतं.

तेव्हा हळवेपणाचा मुद्दा मला काही पटत नाही. तिनं रडारड केली नाही, तुम्हाला उलट बोलली नाही. तिनं बॅज काढला. तुमच्या म्हणण्याप्रमाणे ती ट्रेकी नव्हती, तर तिनं तुमचं म्हणणं मान्य केलं.

खरी स्टार ट्रेक

इथे मीही चाहती म्हणून बोलते, म्हणजे थोडं जास्त बोलेन, सांभाळून घ्या.

तुमचा देव पिकार्ड आहे. पण 1987 मध्ये 'द नेक्स्ट जनरेशन' आली तेव्हा कर्क आणि स्पॉक नसलेली 'स्टार ट्रेक' ही कल्पनाच कित्येक जुन्या चाहत्यांच्या पचनी पडत नव्हती. टक्कल पडलेला, चहा पिणारा कॅप्टन, यानाच्या नियंत्रणकक्षात क्लिंगॉन, म्हणजे मूळ मालिकेतल्या शत्रूंपैकी एक, जहाजावर बायकामुलं! त्यांच्या लेखी ती 'खोटी' होती. पहिला सीझन त्यांच्या शंका फिटतील असा नव्हताच. आजही कुणाला ही मालिका दाखवायची तर जाणकार दुसऱ्या-तिसऱ्या सीझनपासून सुरुवात करायला सांगतात. पुढे 1993 मध्ये 'डीप स्पेस नाइन' आली तेव्हा, यान कुठे जातच नाही तर हा ट्रेक कसला, अशी ओरड झाली. माझी सगळ्यात लाडकी तीच. त्या वेळी कुणी मला चार माणसांत बसवून 'खरी कुठली' असं विचारलं असतं तर मीही खोलीचं दार लावून घेतलं असतं.

मूळ मालिकेबद्दल तुमच्याइतकाच आदर ठेवून सांगते, तीही सगळीच सोन्याची नाही. दुसऱ्या सीझननंतर ती बंद पडणार अशी कुणकुण लागली तेव्हा बीजो आणि जॉन ट्रिंबल या जोडप्यानं पत्रमोहीम उभी केली. वाहिनीकडे लाखाच्या वर पत्रं गेली आणि मार्च 1968 मध्ये एनबीसीला भाग संपल्यावर निवेदन करून सांगावं लागलं की मालिका चालू राहणार आहे. इतक्या कष्टानं वाचवलेल्या तिसऱ्या सीझनचा पहिलाच भाग कुठला? 'स्पॉक्स ब्रेन'. स्पॉकचा मेंदू चोरीला जातो आणि बाकीचे त्याचं शरीर रिमोटवर चालवत मेंदू शोधत फिरतात. पत्रं लिहिणाऱ्यांना त्या रात्री काय वाटलं असेल!

त्याच सीझनचा, म्हणजे मालिकेचाच, शेवटचा भाग मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्यातल्या बाईचं दुखणं असं की तुमच्या कॅप्टनांच्या जगात बायकांना जागा नाही, आणि कथा तिला वेडी ठरवून मोकळी होते. तेविसाव्या शतकाची कल्पना करणाऱ्यांना 1969 मध्ये बाई कॅप्टनच्या खुर्चीत बसलेली कल्पता आली नाही. मुख्य कॅप्टन म्हणून जेनवे आली 1995 मध्ये, 'व्हॉएजर'मधून. नववीतली मुलगी मूळ मालिका बघते तेव्हा तिला हेही दिसतं. दीडपट वेगानं बघितलं तरी दिसतं.

दीडपट वेगाचं म्हणाल तर सोडून द्या. 'एरीना' या भागातली कर्क आणि रबरी पोशाखातला परग्रहवासी गॉर्न यांची मारामारी माणसानं दीडपट वेगानंच बघावी, अशा मताची मी आहे.

'लोअर डेक्स' टिंगल करते, ही तुमची तक्रार. तुम्ही ती किती पाहिलीय ते पत्रात लिहिलेलं नाही. माझा अंदाज, फार नाही. ती घडवणारा माइक मॅकमॅहन आधी ट्विटरवर 'नेक्स्ट जनरेशन'च्या काल्पनिक आठव्या सीझनच्या गमतीदार कथा लिहायचा. सात सीझन ज्याला तोंडपाठ आहेत, त्यालाच हे सुचणार. त्यातला बॉइमलर हा पोरगा तर तुमचाच भाऊबंद आहे. स्टारफ्लीटचा सगळा इतिहास त्याला मुखोद्गत, आणि जिथे तिथे तो ऐकवल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. तिथल्या निम्म्या विनोदांना जुन्या मालिकांचा संदर्भ असतो. तो न कळल्यानं बहुधा तुमची मुलगी मूळ मालिकेकडे गेली. म्हणजे ज्या रस्त्यावर तिला वळवायचं म्हणताय, त्यावर ती आपल्या पायांनी चालत होती.

ती मालिका तुम्हाला आवडलीच पाहिजे असं मुळीच नाही. मला 'डिस्कव्हरी'चं दर दोन भागांआड डोळे भरून येणं झेपत नाही, आणि हे मी कुणालाही सांगते. मालिका न आवडणं ही आवडनिवड झाली. ती बघणाऱ्याला कमी लेखणं ही वेगळी गोष्ट आहे, आणि घरात या दोन्ही गोष्टी एकाच सुरात बोलल्या जातात.

मी हे कष्टानं कमावलंय

हे तुम्ही या शब्दांत लिहिलेलं नाही, पण पत्रभर जाणवतं. शाळेत तुम्हाला 'अंतराळवेडा' म्हणून चिडवायचे, घरी "त्या कानवाल्याला बघून मार्क मिळणार आहेत का" असं ऐकवायचे, असं तुम्ही लिहिलंय. आणि आता तेच वेड टी-शर्टवर छापून मॉलमध्ये मिळतं, पोरं ते मिरवतात, आणि त्यासाठी त्यांना कुणी चिडवत नाही. आपण सोसून मिळवलेलं इतरांना फुकट मिळतंय, अशी एक बोच असते. ती खोटी नाही. गड चढणाऱ्या मंडळींमध्ये, पायथ्याशी रस्ता झाल्यावर गाडीनं आलेल्यांकडे जुनी माणसं ज्या नजरेनं बघतात, तीच ही नजर.

पण तुम्ही स्वतः कसे आत आलात? तुमच्याच पत्रात आहे. दूरदर्शनवर इंग्रजीतला भाग, निम्मे संवाद डोक्यावरून जायचे, मधले भाग चुकायचे, 'वॉर्प' म्हणजे काय हे कळायला कित्येक वर्षं गेली. कळलं होतं एवढंच की टोकदार कानांचा एक माणूस कधी चिडत नाही आणि त्याचे मित्र त्याच्यासाठी जीव टाकतात. त्या पोराला कुणी 'एकूण भाग किती' विचारलं असतं तर?

आणि हा सगळा डोलारा उभा केला कुणी, तेही बघा. 1967 मधलं या मालिकेला वाहिलेलं पहिलं चाहत्यांचं नियतकालिक, 'स्पॉकॅनेलिया', दोन तरुणींनी काढलं होतं. पत्रमोहिमेची सूत्रं बीजो ट्रिंबल या बाईंच्या हातात होती. जानेवारी 1972 मध्ये न्यूयॉर्कच्या हॉटेलात पहिलं मोठं संमेलन भरलं, त्यामागे राबणाऱ्यांतही बायका भरपूर होत्या. काहीशे लोक येतील असा अंदाज होता, आले तीन हजारांवर. मूळ मालिकेतले कितीतरी गाजलेले भाग लिहिणाऱ्या डी. सी. फोंटाना या डोरोथी. बाईचं लेखन म्हणून आधीच बाजूला पडू नये यासाठी त्यांनी आद्याक्षरं वापरली. चार पुरुषांसमोर 'मीपण ट्रेकी' म्हणणारी मुलगी या घरात पाहुणी नाही. घर बांधणाऱ्यांची ती नात आहे.

ज्ञानाचा उपयोग काय, हेही त्याच लोकांकडून शिकण्यासारखं आहे. बीजो ट्रिंबलनी भागवार नोंदींचा कोशच तयार केला, का? तर नंतर येणाऱ्याला शोधता यावं. इंग्लंडातल्या 'डॉक्टर हू' या विज्ञानमालिकेचं उदाहरण तर फारच बोलकं आहे. बीबीसीनं साठ-सत्तरच्या दशकांत जुन्या टेप पुसून टाकल्या, त्यामुळे नव्वदच्या वर भागांची चित्रं बरीच वर्षं बेपत्ता राहिली. पण आवाज सगळ्यांचा शिल्लक आहे, कारण घरोघरी काही पोरं टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर धरून बसली होती. त्यांना पुढे कुणाची परीक्षा घ्यायची नव्हती. गोष्ट हातची जाऊ नये, एवढंच.

आपल्याकडचंही एक सांगते. 1974 मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत नारायण विनायक जगताप नावाच्या कुणाची कथा पहिली आली. लेखक निघाले जयंत नारळीकर. नाव मुद्दाम बदललं होतं, कारण नावाकडे बघून गुण मिळायला नको होते. ज्यांच्याकडे दाखवायला सगळ्यात मोठं प्रमाणपत्र होतं, त्यांनी ते घरी ठेवून दार वाजवलं.

आता काय करायचं

काहीच न करणं हा एक पर्याय आहे. वर्षभरात ती विसरेल, किंवा तिला तिच्या वयाचे चाहते भेटतील आणि ती त्यांच्यात रमेल. हे अगदी शक्य आहे, आणि तिच्यासाठी वाईटही नाही. नुकसान तुमचंच. इतकी वर्षं तुम्ही घरात एकट्यानं ही मालिका बघताय, आणि पहिल्यांदाच कुणीतरी शेजारी येऊन बसलं होतं.

पत्नीचा सल्ला मनापासून आलेला आहे, पण जसाच्या तसा मी अमलात आणणार नाही. या वयाच्या मुलीची तीन काकांना बोलावून त्यांच्यासमोर माफी मागणं म्हणजे तोच प्रसंग दुसऱ्यांदा. पुन्हा सगळ्यांच्या नजरा तिच्यावर, आणि आता तिनं 'असू दे बाबा' म्हणायचं. आधी तिच्याशी एकटीशी बोला. गाडीत, किंवा भाजी निवडताना; समोरासमोर खुर्च्या टाकून नको. वाक्य छोटं ठेवा: "त्या दिवशी मी तुला मित्रांसमोर अपमानित केलं. वाईट वागलो." एवढंच. 'पण मला गंमत वाटली', 'पण तूही', 'आमच्या वेळी' यातलं काही जोडू नका. ऐंशीचा मुद्दा माफीत घालू नका, नाहीतर 'तू बरोबर निघालीस म्हणून माफी' असं होईल. ती चुकली असती तरी माफी हीच असायला हवी होती. 'द केज'बद्दल नंतर कधीतरी, वेगळं सांगा, आणि सांगताना तिनं आकडा कसा काढला ते खरोखर विचारा.

मित्रांचं तुम्ही बघा. त्यांना फोन करून सरळ सांगा की ती बरोबर होती आणि आपण चौघे उगाच हसलो. हे तिला कळवायची गरज नाही. पुढच्या वेळी त्यांचं वागणंच तिला सांगेल.

ती लगेच विरघळणार नाही. "ठीक आहे" म्हणून फोनमध्ये डोकं घालेल. घालू द्या.

संच विकत घेऊ नका. निदान आत्ता नको. पहिल्या भागापासून क्रमानं, दर शनिवारी, वडिलांच्या देखरेखीखाली: याला आपण क्लास म्हणतो, आणि नववीतल्या मुलीला ते आधीच पुरेसे असतात. त्याऐवजी तिची मालिका बघा. तिला न विचारता, तिच्याशिवायच, आपले आपण तीन-चार भाग बघा. मग एखादा खरा प्रश्न घेऊन जा, ज्याचं उत्तर तुम्हाला माहीत नाही असा. "ती मॅरिनर सारखी बढती का नाकारते?" असं, तिच्या मालिकेतल्या नायिकेबद्दल, काहीतरी. उत्तर माहीत असलेला प्रश्न मोठ्यांनी मुलांना विचारला की त्याचा वास त्यांना लांबूनच येतो.

आणि दोघांनी मिळून बघायचं ठरलंच, तर तीन भाग सुचवते. पहिला 'नेक्स्ट जनरेशन'च्या सातव्या सीझनमधला. 1994 मधल्या या भागाचं नावच 'लोअर डेक्स' आहे, तिच्या मालिकेनं नाव तिथूनच उचललं. तुम्ही तो पाहिलेला आहे, पण आता पुन्हा पाहा. वरिष्ठ अधिकारी कनिष्ठांचे मूल्यमापन अहवाल लिहितायत आणि पोरं धास्तावलीयत. त्यातल्या सिटो नावाच्या मुलीला वॉर्फ हा क्लिंगॉन अधिकारी एक परीक्षा देतो. डोळ्यांवर पट्टी बांधायची आणि त्याचे वार अडवायचे. ती आपटते, पुन्हा आपटते, आणि शेवटी पट्टी काढून फेकते: ही परीक्षाच अन्यायाची आहे. वॉर्फ तिला उत्तीर्ण ठरवतो. पुढच्या वेळी कुणी अन्यायानं तोललं तर इतका मार खाईपर्यंत गप्प राहू नकोस, असं काहीसं तो तिला सांगतो. तुमची लेक बैठकीतून उठून गेली ते मला वाचताना हाच प्रसंग आठवला. हा भाग तिच्यासोबत बघाल तेव्हा त्या ठिकाणी तुम्ही काही बोलू नका. तिचं तिला कळेल, तुमचं तुम्हाला.

दुसरा, 'स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स'चा 2023 मधला, ज्यात तिच्या कार्टूनमधले बॉइमलर आणि मॅरिनर हाडामांसाचे होऊन पाइकच्या यानावर येतात. दिग्दर्शन जोनाथन फ्रेक्सचं, म्हणजे पिकार्डच्या हाताखालच्या तुमच्या रायकरचं काम करणाऱ्या नटाचं. सगळं माहीत असलेला चाहता प्रत्यक्षात किती डोकेदुखी होऊ शकतो, हे त्यात फार प्रेमानं दाखवलंय. तिसरा तिनं निवडायचा. कुठलाही.

अशी पत्रं मला स्टार ट्रेकपुरती येत नाहीत. नवऱ्यानं मार्व्हलच्या सिनेमांची क्रमवार यादी हातात ठेवली म्हणून वैतागलेल्या बाई आहेत. 'ॲनिमे डब केलेली बघतोस म्हणजे तू खरा नाहीस' असं मित्रांनी सुनावलेला बारावीतला मुलगा आहे. त्या सगळ्यांना माझं सांगणं एवढंच: कुणी परीक्षा घ्यायला लागलं, तर दुसऱ्या प्रश्नानंतर "तुला यातलं सगळ्यात काय आवडतं?" असं उलट विचारा. खरा प्रेमी असेल तर तो लगेच विरघळून बोलत सुटेल आणि परीक्षा विसरेल. तरीही तिसरा प्रश्न आलाच, तर उठून जायला हरकत नाही. आणि परीक्षा घेण्याची खुमखुमी ज्यांना आवरत नाही, त्यांनी ती बरोबरीच्या माणसांवर भागवावी. घरातल्या लहानांवर नको, नव्यानं आलेल्यांवर तर नकोच.

बॅजबद्दल तिला विचारू नका. 'परत लाव' म्हणू नका आणि नवा आणूनही देऊ नका. तो लावायचा की नाही, हे आता पूर्णपणे तिच्या हातात राहू द्या.

पुढच्या सप्टेंबरात मित्र येतील तेव्हा तिला आमंत्रण द्या, आग्रह नको. यायला तयार झाली तर त्या दिवशीचा भाग निवडायचं काम तिचं. तिनं 'लोअर डेक्स' लावली तर चौघांनी शेवटपर्यंत बघायची, दीडपट वेगानं लावली तरी. आणि तक्रार असेल तर ती मला लिहून पाठवा, तिच्याकडे करू नका.